बावीस हिरवे, एक लाल

आमचा धंदा मुळात केबलचा. डिश आल्या, मग लोकांना सगळं मोबाइलवरच दिसायला लागलं, तेव्हा मालकांनी केबलच्याच खांबांवरून फायबर ओढलं आणि पांढरकवड्यातून आजूबाजूच्या खेड्यांत इंटरनेट द्यायला सुरुवात केली. जिथे फायबर नेणं परवडत नाही तिथे कोणाच्या तरी गच्चीवर लोखंडी पोल उभा करायचा आणि रेडिओ लिंक द्यायची. काही गावं घाटंजीकडची, काही हायवेने पाटणबोरीकडची, आणि तीन-चार टिपेश्वरच्या जंगलाला लागून. मी तिथला नेटवर्कवाला. म्हणजे राऊटर माझा, बिलाचा प्रिंटर माझा, आणि कोणाच्या घरचा टीव्ही यूट्यूब दाखवत नसेल तर तोही माझाच.

तेवीस राऊटर, दोन ओएलटी (फायबरची घरं जिला जोडलेली असतात ती पेटी), अकरा स्विच. यातलं काय चालू आणि काय बंद हे कळायची आमची सोय एकच होती, गिऱ्हाइकाचा फोन. फोन आला की पिंग मारायचं, म्हणजे यंत्र उत्तर देतं का पाहायचं, आणि अर्ध्या वेळा कळायचं की तिथली लाइनच गेलेली आहे. लाइन म्हणजे वीज. आमच्याकडे नेटच्या आधी तीच जाते. एरवी लोक समजून घेतात. पण जुलैच्या शेवटी पीक विम्यासाठी सेतू केंद्रावर रांग लागलेली असते, तेव्हा तोच फोन वेगळ्या आवाजात येतो.

म्हणून मे महिन्यात झॅबिक्स, म्हणजे सगळ्या यंत्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवायचं ठरवलं. फुकट आहे, आणि ऑफिसात एक जुना डेस्कटॉप धूळ खात होता. रॅम वाढवली, उबुंटू टाकलं, दुपारभरात काम झालं. त्या दुपारीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पण असं सॉफ्टवेअर बसवलं तरी ते आंधळंच असतं. कोणत्या डिव्हाइसवर त्याने कोणत्या दाराने जायचं, काय नाव सांगायचं, आत गेल्यावर काय पाहायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवता ठरवता पेरण्या होऊन गेल्या.

पहिल्याच दिवशी मी आमची पासवर्डची एक्सेल उघडली. तीत तेवीस ओळी, आणि तेवीसही ओळींत एकच पासवर्ड. नाव सगळीकडे अ‍ॅडमिन. हा पासवर्ड नोकरी सोडून गेलेल्या चार पोरांना पाठ होता, आणि त्यातला एक आता समोरच्या कंपनीत आहे. मी तोच पासवर्ड झॅबिक्सला देऊन मोकळं व्हायच्या बेतात होतो. भाऊ (मालकांना गाव भाऊ म्हणते, म्हणून आम्हीही) मागे चहा घेऊन उभे होते. म्हणाले, "हे सॉफ्टवेअर खाली पाह्यचंच काम करन ना? मंग त्याले घराची चावी कायले देतं बे?"

भाऊंना नेटवर्कमधलं फारसं कळत नाही, पण त्यांनी आयुष्यभर गोडाऊन सांभाळलंय. प्रश्न बरोबर जागी लागला.

पाहण्यापुरतं दार म्हणजे एसएनएमपी. याचं पहिलं रूप १९८८ सालचं. डिव्हाइसच्या १६१ क्रमांकाच्या यूडीपी पोर्टवर प्रश्न जातो, उत्तर परत येतं. डिव्हाइसला स्वतःहून ओरडायचं असेल तर ते १६२ वर ट्रॅप पाठवतं. प्रत्येक गोष्टीला आकड्यांचा एक लांबलचक पत्ता असतो. मी सगळ्यात आधी १.३.६.१.२.१.१.३.० विचारतो. हा पत्ता सगळ्या कंपन्यांच्या डिव्हाइसवर एकच, आणि उत्तर येतं की हे यंत्र चालू होऊन किती वेळ झाला. यातून पहिल्याच संध्याकाळी एक चोरी सापडली. एका गावातला ऑपरेटर छातीठोकपणे सांगायचा, बॅटरी एकदम टकाटक आहे, राऊटर कधीच बंद पडत नाही. राऊटर म्हणाला, मला चालू होऊन तीन तास झाले.

मजा अशी की हे विचारायला काही लावावंच लागलं नाही. बहुतेक स्विचवर एसएनएमपी चालूच होतं, आणि त्याचा परवलीचा शब्द, ज्याला कम्युनिटी स्ट्रिंग म्हणतात, तो कारखान्यातून आला तसाच: पब्लिक. लिहिण्याची परवानगी असलेला दुसरा शब्द प्रायव्हेट. तोही तसाच. तीस-पस्तीस वर्षं जगभर हेच दोन शब्द चालत आलेत.

"लिहिण्याची परवानगी म्हणजे काय?" भाऊंनी विचारलं. तोंडाने सांगण्यापेक्षा दाखवलेलं बरं, म्हणून मी ऑफिसच्याच स्विचवर प्रयोग केला. अकाउंटंट काकाजींचा कॉम्प्युटर सात नंबरच्या पोर्टवर आहे. पोर्ट चालू-बंद ठेवण्याचा जो एसएनएमपी पत्ता असतो, तिथे १ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद. मी प्रायव्हेट हा शब्द वापरून सात नंबरला २ पाठवला. स्विचवरचा सातवा हिरवा दिवा विझला. आतल्या खोलीतून आवाज आला, "अबे, जीएसटीचं पेज गेलं माहं!" मी परत १ पाठवला. ना पासवर्ड विचारला, ना लॉगिन, ना काही. एका ओळीचं काम. भाऊंचा चहा तसाच राहिला. "म्हंजे हे गावातलं कोनीबी करू शकते?" आमच्या नेटवर्कमध्ये शिरलेला कोणीही, मी म्हटलं. आणि आमच्या नेटवर्कमध्ये तर आमची सगळी गिऱ्हाइकंच बसलेली होती.

त्या दिवसापासून भाऊंनी या कामाला वेळ मागितला की कधी नाही म्हटलं नाही.

तर पहिलं काम, लिहिण्याचा शब्द सगळीकडून काढून टाकणं. दुसरं, व्हर्जन ३ वर जाणं. जुन्या व्हर्जन २सी मध्ये शब्द बदलला तरी तो तारेवरून उघडाच जातो. टीसीपीडंप (तारेवरून जाणारा मजकूर दाखवणारं साधन) लावून पाहिलं तर आकड्यांच्या गर्दीत आमचा नवा, खास विचार करून ठेवलेला शब्द स्वच्छ वाचता येत होता, पत्रिकेवर नवरदेवाचं नाव छापावं तसा. व्हर्जन ३ ला पूर्ण मानकाचा दर्जा २००२ मध्ये मिळाला. त्यात युजर असतो, ओळख पटवायला एक पासवर्ड आणि मजकूर कुलूपबंद करायला दुसरा. मी पहिल्यासाठी एसएचए आणि दुसऱ्यासाठी एईएस ही पद्धत निवडली. सोबतच्या पोराने पहिल्या राऊटरवर पासवर्ड ठेवला १२३४, आणि चाचणीच्या कमांडने सरळ नकार दिला, कमीत कमी आठ अक्षरं हवीत म्हणे. मग त्याने उद्गारचिन्ह असलेला जबरदस्त पासवर्ड केला. तो लिनक्सच्या टर्मिनलने भलत्याच अर्थाने वाचला आणि आमची दीड तास शोधाशोध झाली. तेव्हापासून आमच्याकडे लांब पासवर्ड ठेवायचा, पण साधी अक्षरं आणि आकडे, एवढाच नियम आहे.

दोन स्विचनी मात्र वेड लावलं. व्हर्जन ३ वर नेल्यापासून एक हिरवा झाला की दुसरा लाल. दुसरा हिरवा, की पहिला लाल. हाताने विचारलं तर दोघंही शहाण्यासारखं उत्तर देत. दोन दिवस मी केबल बदलल्या, पोर्ट बदलले, झॅबिक्सला शिव्या घातल्या. दोष आमचाच निघाला. व्हर्जन ३ मध्ये प्रत्येक यंत्राला एक इंजिन आयडी असतो, आणि विचारणारा त्या आयडीच्या नावाने लक्षात ठेवतो की हे यंत्र कितीदा बंद-चालू झालं आणि त्याचं घड्याळ आत्ता किती दाखवतं. घड्याळात १५० सेकंदांपेक्षा जास्त फरक आढळला की उत्तर नाकारलं जातं, जुना मजकूर कोणी परत पाठवून फसवू नये म्हणून. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका स्विचची कॉन्फिग (सेटिंगची) फाइल जशीच्या तशी दुसऱ्यावर चढवली होती, आणि त्या फाइलमध्ये इंजिन आयडीची ओळही होती. एका आधार नंबरवर दोन माणसं. झॅबिक्स पहिल्याचं घड्याळ दुसऱ्याला लावून पाहत होता. एकाचा आयडी बदलला, त्यावरचा युजर नव्याने केला (आयडी बदलला की जुन्या युजरच्या किल्ल्या बाद होतात, कारण त्या त्याच आयडीपासून घडवलेल्या असतात), झॅबिक्सची एसएनएमपी कॅश रिकामी केली, आणि दोघे शेजारी-शेजारी हिरवे बसले.

ओएलटीची गोष्ट वेगळी. फायबरचं सगळं गाव तिच्यावर असतं, एकेका पॉन (फायबरच्या) पोर्टवर चौसष्टपर्यंत घरं. आमच्या दोन्ही ओएलटी स्वस्तातल्या, त्यांना व्हर्जन ३ येतच नाही. म्हणून तिथे २सी ठेवलं, पण फक्त वाचायला, देखरेखीच्या वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवर वेगळं पाडलेलं नेटवर्क), आणि एकाच आयपीला उत्तर द्यायचं, झॅबिक्सच्या. इथपर्यंत ठीक. पण मी तयार टेम्प्लेट उचललं आणि लावून दिलं. ते टेम्प्लेट प्रत्येक घरच्या ओएनयूची (घरात बसवलेल्या फायबरच्या डबीची) प्रकाशाची पातळी दर मिनिटाला विचारत होतं, तेही पन्नास-पन्नास प्रश्नांचे गठ्ठे बांधून. आलेख सुंदर आले. तीन दिवसांनी एका गावची लाइन गेली, तासाभराने आली, आणि फोन सुरू झाले की लाइन आली पण नेट येत नाही. ज्यांचं चालू होतं त्यांचं चालूच होतं. बंद होऊन परत येणाऱ्या ओएनयूंना ओएलटी आत घेत नव्हती. तिचं वेब पेज उघडेना. एकीकडे दोनशे घरं एकदम दार ठोठावतायत आणि दुसरीकडे माझं सॉफ्टवेअर तिला विचारतंय, बाई, चाळिसाव्या घराचा उजेड किती आहे? मी झॅबिक्समध्ये त्या ओएलटीची पाहणी थांबवली आणि पाच-सात मिनिटांत घरं वर आली.

चालत्या यंत्राला नुसतं विचारलं तर काय होतं, असं मला वाटायचं. होतं. यंत्राच्या आतलं फायबरचं काम करणारं सर्किट वेगळं आणि उत्तरं देणारा छोटा प्रोसेसर वेगळा, आणि तो छोटा बिचारा नव्या घरांची नोंदणीही करत असतो. आता प्रकाशाची पातळी अर्ध्या तासाने विचारतो, गठ्ठ्याचा पर्याय त्या दोन डिव्हाइसपुरता बंद आहे, आणि घर बंद झालं तर ओएलटीच ट्रॅप पाठवून सांगते. उणे सत्तावीस डीबीएमच्या (प्रकाशाच्या ताकदीचं माप) खाली गेलेलं घर अर्ध्या तासाने कळलं म्हणून कोणाचं काही बिघडत नाही. तिथे बहुतेक वेळा माकडाने वायर ओढलेली असते.

मग बॅकअप. राऊटरची कॉन्फिग रोज रात्री आपोआप काढून ठेवायला ऑक्सिडाइज्ड नावाचं वेगळं साधन लावलं. ते एसएसएचने (दुरून कमांड देण्याच्या कुलूपबंद दाराने) आत जातं, म्हणजे त्याला खरं लॉगिन लागतं. आमचे राऊटर मायक्रोटिक. त्यात रीड नावाचा तयार गट असतो, मी म्हटलं, झालं काम. पोरगा म्हणाला, "भैया, एकदा आत पाहून तं घ्या." पाहिलं. रीड गटाला रीबूटची परवानगी होती! स्निफची, म्हणजे जाणारा डेटा पाहण्याची होती, आणि विनबॉक्सची, म्हणजे मायक्रोटिकच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरने आत यायचीही. नाव वाचणाऱ्याचं, आणि हातात मेन स्विच. स्वतःचा गट केला, त्यात दोनच परवानग्या ठेवल्या: एसएसएचने यायचं आणि वाचायचं. लॉगिनला पासवर्डऐवजी एसएसएच की (डिजिटल किल्ली) लावली. राऊटरओएसच्या (मायक्रोटिकच्या सिस्टिमच्या) व्हर्जन ७ मध्ये कॉन्फिग एक्सपोर्ट केली की पासवर्डसारख्या गोष्टी आपोआप गाळल्या जातात, ६ मध्ये त्या उघड्या येऊ शकतात. आमच्याकडे दोन्ही व्हर्जन, म्हणून बॅकअपची डिस्कच कुलूपबंद केली.

इथपर्यंत येईस्तोवर जुलैचे वीस दिवस गेले होते, आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटायला लागलं होतं. आता शेवटचा घाव. सगळ्या राऊटरवर एसएसएच, विनबॉक्स आणि एसएनएमपी फक्त दोनच पत्त्यांना उघडं ठेवायचं, ऑफिस आणि झॅबिक्सचा सर्व्हर. बाकी कोणालाही दार दिसूच नये. आयपी पत्ता न लागता शेजारच्या यंत्रावरून नुसत्या हार्डवेअरच्या नंबराने, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसने आत जायची जी सोय मायक्रोटिकमध्ये असते, तीही एका पोर्टपुरती ठेवून बाकी बंद. ऑफिसच्या राऊटरवर करून पाहिलं, छान चाललं. रात्री अकरा वाजता स्क्रिप्ट लिहिली आणि तेवीस राऊटरवर फिरवली. स्क्रिप्ट कुठेही अडखळली नाही. पाच मिनिटांनी झॅबिक्सचा नकाशा पाहिला. बावीस हिरवे, एक लाल.

लाल होता तो जंगलाकडच्या शेवटच्या गावाचा. पिंग जात होतं. गिऱ्हाइकांचं नेट चालू होतं, त्यांचा डेटा वाहताना मला वाटेतल्या, मधल्या टॉवरवरून दिसत होता. फक्त मला आत घेत नव्हता. एसएसएच नाही, विनबॉक्स नाही, एसएनएमपीलाही उत्तर नाही. मधल्या टॉवरवरच्या राऊटरमधून मॅक टेलनेट मारून पाहिलं. ते तर मीच तासाभरापूर्वी बंद केलेलं.

मायक्रोटिकमध्ये सेफ मोड असतो. टर्मिनलमध्ये कंट्रोल-एक्स दाबायचं, बदल करायचे, दुसऱ्या खिडकीतून लॉगिन होतंय का पाहायचं, आणि मगच सेफ मोड सोडायचा. मधेच जोडणी तुटली तर राऊटर केलेले बदल आपणहून मागे घेतो. हे मी त्या पोराला शिकवलेलं आहे, फळ्यावर लिहून. स्क्रिप्ट करताना माझं मलाच सुचलं नाही, तेवीस वेळा कोण खिडक्या उघडत बसतं.

सकाळी सात वाजता निघालो. पाऊस रात्रभर झालेला. डांबरी संपली की काळी माती, आणि गाडीच्या चाकात चिखल असा भरतो की दर शंभर पावलांवर काडीने काढावा लागतो. शेवटचे दोन किलोमीटर गाडी एका धुऱ्यावर लावून पायी गेलो, लॅपटॉप युरियाच्या पोत्यात गुंडाळून. रस्त्यावर वाघाचे ठसे असतात या भागात. मी खाली पाहायचंच नाही असं ठरवलं होतं.

ज्यांच्या गच्चीवर आमचा पोल आहे त्या आजी ओसरीत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मला चिखलात बरबटलेला पाहून म्हणाल्या, "काहून आला बापू एवढ्या पान्यात? नेट तं सुरूच हाये." मी म्हटलं, हो आजी, नेट सुरूच आहे. "मंग?" आता हिला काय सांगू की आम्हीच आमच्या घराला आतून कडी लावली आणि बाहेर उभे आहोत. "जरा पाहून घेतो," म्हटलं. नातू मोबाइलवर क्रिकेट पाहत होता, त्याने मान वर करूनही बघितलं नाही.

राऊटर जिन्याखाली पेटीत. पाच नंबरच्या पोर्टला केबल लावली, तेवढं एकच मी उघडं ठेवलेलं होतं. विनबॉक्समध्ये मॅक अ‍ॅड्रेस दिसला, आत गेलो. आधी लॉग उघडला. ओळीखाली ओळ, रात्रभर नाकारलेल्या जोडण्या, आणि प्रत्येक ओळीत पत्ता एकच. तो ना ऑफिसचा, ना झॅबिक्सचा. तो मधल्या टॉवरचा होता! कोणीतरी कधीतरी मधल्या टॉवरवर मास्करेडचा एक नियम टाकून ठेवला होता, त्यामुळे आमच्याकडून जाणारं सगळं पुढे जाताना त्या टॉवरचं नाव लावून जात होतं. या राऊटरने मला कधी पाहिलेलंच नव्हतं. इतकी वर्षं तो मला मधला टॉवरच समजत होता, आणि दार सगळ्यांनाच उघडं असल्यामुळे कोणाला फरक पडला नव्हता.

तिथे बसूनच यादीत मधल्या टॉवरचा पत्ता तात्पुरता घातला. ऑफिसात पोराला फोन लावला, तो आत आला, झॅबिक्स हिरवं झालं. मग पोराकडून मधल्या टॉवरवरचा तो नियम बंद करवला, या वेळी सेफ मोडमध्ये. आमचे खरे पत्ते इकडे दिसायला लागले, तेव्हा तात्पुरता पत्ता काढला. आणि मधल्या टॉवरकडे तोंड करून असलेल्या पोर्टवर मॅकची सोय परत उघडली. त्या लिंकवर आमच्या दोन राऊटरशिवाय कोणी नाही. एवढं दार उघडं राहिलं तर राहू दे, मला दर वेळी चिखल तुडवायचा नाही. यावर कोणी नाक मुरडलं तर त्याने आधी तो रस्ता जुलैत चालून दाखवावा.

आजींनी ज्वारीची भाकर आणि ठेचा दिल्याशिवाय सोडलं नाही. निघताना विचारलं, "झालं का पाहून?"

बारा वाजता सेतू केंद्राचा फोन आला होता, पण तो त्यांच्याच प्रिंटरसाठी.

परत आल्यावर दोन बदल केले. कुठल्याही राऊटरवर पत्त्याची अट लावायच्या आधी त्याच राऊटरवर जाऊन पाहायचं की आपण त्याला कोणत्या पत्त्याने दिसतो. आणि प्रत्येक राऊटरवर एक आपत्कालीन युजर ठेवला, पूर्ण परवानगीचा, वेगवेगळ्या पासवर्डचा, जो कुठल्याही सॉफ्टवेअरला माहीत नाही. पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातले आणि भाऊंच्या तिजोरीत दिले. भाऊंनी पाकिटाच्या तोंडावर आडवी सही ठोकली आणि गोडाऊनच्या किल्ल्यांच्या जुडग्याखाली ठेवलं. जुनी एक्सेल पोराने माझ्यासमोर पुसली. त्याच्या मोबाइलवर तिचा एक स्क्रीनशॉट होता, तोही.